मामा तलावाचे पाणी

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा तांब्या पाहिलाही नसेल. माझे झाकण फिरवून घट्ट बसते, त्यामुळे प्रवासात पाणी सांडत नाही. प्लास्टिकच्या बाटल्या येण्याआधी गावाला जाणारा माणूस मला घेतल्याशिवाय निघत नसे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. एका कारागिराने पितळेचा पत्रा तापवून, ठोकून माझे पोट गोल केले आणि आतून कल्हई केली. दुकानात मी फार दिवस राहिलो नाही. हेमराज नावाचा एक तरुण आला. तो नुकताच फौजेत भरती झाला होता आणि बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर आला होता. त्याने मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "यावर नाव टाकून द्या."

नाव टाकणारा म्हातारा छिन्नी घेऊन बसला. माझ्या पोटावर ठिपक्यांची अक्षरे उमटली. वर, फुगीर भागावर 'चि. ललिता हिस', आणि खाली, पोट जिथे आत वळते तिथे, 'भाऊ हेमराज'. दुखले नाही असे म्हणणार नाही. पण ज्या भांड्यावर नाव नसते, ते लग्नाच्या मांडवातून कोणाच्याही घरी जाते. माझे घर ठरले होते.

ललिताबाई मला घेऊन आंबागडच्या पायथ्याशी असलेल्या आपल्याच गावात सासरी आल्या. त्यांचे यजमान घनश्याम धानाची शेती करत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघे गड पाहायला गेले. पाणी माझ्यात होते. वर पोचल्यावर घनश्यामांनी एक टोकदार दगड घेतला आणि भिंतीवर ओरखडायला सुरुवात केली.

"अजी, हे काय करून राहिले?"

"नाव लिहून राहिलो. आपलं दोघांचं."

"दुसऱ्याच्या भिंतीवर? आपल्या घराले चुना लावा म्हटलं तर हात दुखते तुमचे!" ललिताबाईंनी दगड काढून घेतला. "आपलं नाव आपणच नाही लिहावं. दुसऱ्यानं लिहावं. या तांब्यावर माया भावानं टाकलं तसं."

घनश्यामांचा एक 'घ' तेवढा भिंतीवर राहून गेला.

लग्नाला तीन वर्षे झाली आणि हेमराज सीमेवर शहीद झाला. त्या दिवशी ललिताबाई मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यानंतर मला घासायचे काम त्यांनी कधी दुसऱ्या कोणाला दिले नाही. चिंच आणि राख घेऊन त्या बसत. मी सोन्यासारखा झालो तरी त्यांचा हात थांबत नसे.

आमच्याकडच्या जुन्या तलावांना मामा तलाव म्हणतात. माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांचे तलाव, त्याचे हे थोडक्यातले नाव. पण ललिताबाईंची मुलगी टीना लहानपणी समजायची की गावचा तलाव हेमराज मामाचाच आहे. मामा देशासाठी गेला, म्हणून त्याच्या नावाचा तलाव. मैत्रिणींना ती ऐटीत सांगायची, "माया मामाच्या तलावात पाय धुवाचे नाही!" घनश्याम हसायचे. ललिताबाईंनी मात्र तिला खरे कधी सांगितले नाही. ललिताबाईंचे माहेर त्याच गावात दुसऱ्या टोकाला होते. हेमराज त्याच तलावात पोहायला शिकला होता. त्यामुळे टीनाचे म्हणणे त्यांना खोटे वाटतच नसावे.

पुढे घरात बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. एकदा घनश्यामांनी मला मोडीत देण्यासाठी पिशवीत टाकले. ते तुमसरला निघाले होते. ललिताबाई दारातच आडव्या आल्या. "मले मोडीत घाला, याले नका घालू." घनश्याम तेव्हा हसले होते. आता ते वाक्य त्यांना आठवते तेव्हा ते हसत नाहीत.

मग दिल्लीत शहीद जवानांचे मोठे स्मारक झाले. त्यात दगडावर एकेकाचे नाव कोरले आहे, हेमराजचेही आहे, असे कळले. ललिताबाईंनी एकच मागणे मागितले.

"मले तेथ न्या. मामा तलावाचं पाणी घेऊन जाईन मी."

"नेतो ना. रोवणं होऊ दे."

रोवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली की घनश्याम म्हणत, धान निघू दे. धान निघाले की थंडी जाऊ दे. असे करता करता वर्षे गेली. नेणार नाही असे ते एकदाही म्हणाले नाहीत. गेल्या पौषात ललिताबाईंना ताप आला. आठ दिवसांत त्या गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर घनश्याम माळ्यावर चढले. मी त्यांना जुन्या लुगड्यात गुंडाळलेला सापडलो. ते चकित झाले. मी काळा पडलो नव्हतो. ललिताबाई कोणाला न सांगता मला घासत राहिल्या होत्या. घनश्यामांनी मला उजेडात धरले आणि चष्मा लावला. खालचे 'भाऊ हेमराज' स्पष्ट होते. वरची ओळ नव्हती. घासून घासून ललिताबाईंनी स्वतःचेच नाव पुसले होते.

फाल्गुनात घनश्याम आणि टीना दिल्लीला निघाले. निघताना घनश्याम तलावात गुडघाभर उतरले आणि फडक्यातून गाळून मला भरले.

दिल्लीत त्यांनी लाल किल्ला पाहिला. राजघाटावर चपला काढून उभे राहिले. कुतुबमिनारापाशी टीना मान वर करून म्हणाली, "बाबा, केवढा उंच हाय!"

"तुमसरच्या मिलच्या धुराड्याहून जरासा जास्त."

आई गेल्यापासून टीना पहिल्यांदा हसली. तिथून जवळच एका पडक्या भिंतीवर कोणी कोणी आपली नावे खिळ्याने ओरखडली होती. घनश्याम तिथे बराच वेळ थांबले. "माया 'घ' बी असाच दिसत असन," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

शेवटच्या दिवशी आम्ही स्मारकावर गेलो. दारात तपासणी होती. पहारेकऱ्याने मला पिशवीतून बाहेर काढले.

"इसमें क्या है?"

"पानी है साहेब. हमारे गाव का."

"पीकर दिखाइए."

घनश्यामांनी मला हातात घेतले, पण झाकण फिरवले नाही. टीना हळूच म्हणाली, "बाबा, प्या ना एक घोट. नाहीतर अंदर नाही जाऊ देत."

"उष्टं होईल ना, बाई. हेमराजले उष्टं कसं देऊ?"

मागे रांग खोळंबली. पहारेकऱ्याने पुन्हा विचारले. मला वाटले, इतक्या दूर येऊन आता इथूनच परत जायचे. तेवढ्यात घनश्यामांना सुचले. त्यांनी मला डोक्याच्या वर उचलले, मान मागे टाकली आणि ओठ न लावता वरून पाणी प्यायले. आमच्याकडे सगळे असेच पितात, म्हणजे तांब्या उष्टा होत नाही. सदरा थोडा भिजला.

"अरे, बिलकुल हमारी दादी की तरह!" पहारेकरी म्हणाला. त्याने माझ्यावरचे नाव वाचले. "ये हेमराज कौन हैं?"

"अंदर हैं," घनश्याम म्हणाले.

पहारेकऱ्याने मला दोन्ही हातांनी परत दिले. "जाइए ताऊजी. बस, वहाँ कुछ चढ़ाना नहीं."

आत भिंतींवर नावेच नावे होती. टीनाने शोधून काढले. घनश्यामांनी हेमराजच्या नावावरून बोट फिरवले, मग माझ्या पोटावरून फिरवले. पाणी वाहता येत नव्हते. मी भरलेला, आणि ते तसेच उभे.

शेजारच्या एका नावापुढे एक म्हातारी बसली होती. ऊन चढले होते. तिने विचारले, "पानी है, भैया?"

घनश्यामांनी एकदा हेमराजच्या नावाकडे पाहिले. मग झाकण फिरवले. "तालाब का है, माँजी."

"हम भी तालाब वाले ही हैं," ती म्हणाली आणि ओंजळ पुढे केली. त्या पाण्याने तिने तोंड पुसले. मग तोच ओला हात समोरच्या नावावर ठेवला आणि डोळे मिटले.

घनश्यामांनी ते पाहिले. त्यांनी आपल्या तळहातावर पाणी घेतले आणि हात हेमराजच्या नावावर टेकवला. टीनानेही तसेच केले. दगडावर दोन ओले हात उमटले. उन्हात ते लगेच वाळले.

"पोचलं, ललिता," घनश्याम म्हणाले.

परतल्यावर टीनाने विचारले, "बाबा, आईचं नाव पुन्हा टाकून घेऊ का यावर?"

"नको. तिच्या हातानं घासलेली जागा हाय ते. राहू दे तशीच."

आता मी माळ्यावर नाही. चुलीजवळच्या फळीवर आहे. घनश्याम मला स्वतः घासतात आणि त्या जागेवर त्यांचा हात हळू होतो.

मित्रांनो, तुम्ही राजधानीत जाल तेव्हा दगडावरची नावे वाचा. त्यावर आपले नाव ओरखडू नका. घरातल्या जुन्या भांड्यावर कोणाचे नाव असेल, तर मोडीत देण्याआधी ते कोणाचे हे विचारा. आणि घरात कोणी कुठे न्या म्हणत असेल, तर त्याला यंदाच घेऊन जा. रोवणी दरवर्षी येते.