डाव्या हाताचा क्लच

मी श्रीनिवासरावांची स्कूटर. लोक मला 'ती' म्हणतात. श्रीनिवासराव 'गड्या' म्हणतात. मी त्यांचं ऐकतो. सांगायचं ते एकदाच सांगेन. पुन्हा पुन्हा किक मारलेली मला आवडत नाही.

जन्म आकुर्डीच्या कारखान्यात. शिक्षण नाही. चार गिअर येतात, तेवढ्यावर आयुष्य निघालं. श्रीनिवासराव तेव्हा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून त्यांनी मला घरी आणलं. पहिल्या दिवशी हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि म्हणाले, "गड्या, उशीर चालायचा नाही." ते निवृत्त झाले त्या दिवसापर्यंत माझ्यामुळे त्यांना एकदाही उशीर झाला नाही. विचारा कुणालाही.

या घराची एक रीत आहे. इथे महत्त्वाचं काही कुणी कुणाच्या तोंडावर बोलत नाही. श्रीनिवासराव रविवारी पार्किंगमध्ये मला पुसायला येतात आणि घरच्यांना सांगायचं ते मला सांगतात. आवाज मात्र पहिल्या मजल्यावर पोचेल एवढा.

"गड्या, काही लोक आमटीत मीठ घालायला विसरतात."

वरच्या खिडकीतून त्यांच्या बायकोचं, सरोजिनीबाईंचं, उत्तर येतं, "त्या डबड्याला म्हणावं, काही लोकांच्या जिभेची चव गेली आहे."

मी डबडं. इतकी वर्षं मागच्या सीटवर बसल्या, पण माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

मुलगा केदार खराडीच्या कंपनीत आहे. दिवसभर संगणक चालवतो. मला चालवता येत नाही. क्लच असा सोडतो की मी जागच्या जागी बंद. सून सुरुची शाळेत शिकवते. लग्नानंतर तिनेच सासऱ्यांना विचारलं, "बाबा, मी शिकू?" रेंजहिल्सच्या मोकळ्या रस्त्यावर शिकली. डाव्या हाताने क्लच दाबायचा, तेच मनगट फिरवून गिअर टाकायचा. हात लहान, पण पकड पक्की. "गड्या," श्रीनिवासराव म्हणाले, "घरात एक तरी निघालं." पुढे त्यांचे गुडघे गेले तेव्हा मला तिच्या हवाली केलं.

सुरुचीला मूल हवं होतं. दवाखान्याच्या फेऱ्या माझ्यावरूनच व्हायच्या. एकदा दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. तिला रिक्षाने घरी आणलं. दवाखान्याच्या दारात राहिलेल्या मला श्रीनिवासराव घेऊन आले, दुखऱ्या गुडघ्यांनी. रस्ताभर ते माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत.

त्यानंतर करोनाची साथ आली. दुसऱ्या लाटेत सुरुचीच्या शाळेतल्या दीपमालाबाई गेल्या. सहावा महिना होता त्यांना. त्याच सुमारास तरुणांसाठी लस सुरू झाली, आणि घरात सगळे एकदम गप्प झाले. या घरात गप्प बसणं म्हणजे भांडण.

सरोजिनीबाईंनी स्वतः लस घेतली होती. "मला आता काय व्हायचंय?" म्हणाल्या होत्या. पण सुनेचं निराळं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज काहीतरी यायचं. त्या खिडकीत उभ्या राहून वाळत घातलेल्या कपड्यांना ऐकवायच्या, "पाळी बिघडते म्हणे त्याने. आधी पाळणा हलू दे. मग टोचा काय टोचायचं ते."

एका रविवारी सुरुची खाली आली. श्रीनिवासराव माझा प्लग साफ करत होते. ती त्यांच्याकडे न बघता माझ्या सीटवर हात ठेवून उभी राहिली.

"गड्या, मला कळत नाहीये," ती म्हणाली. "घेतली आणि मूल झालंच नाही, तर जन्मभर त्या सुईकडे बोट दाखवत बसेन. नाही घेतली, दिवस राहिले, आणि दीपमालाबाईंसारखं झालं तर? केदार म्हणतो, तू ठरवशील ते. म्हणजे चुकलं तर मी चुकले."

श्रीनिवासरावांनी प्लगवर फुंकर मारली. "गड्या, तुझं काय बिघडलं ते मी सांगेन. माणसाचं मला कळत नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते विचार तिला."

"त्या म्हणाल्या, लसीने मूल व्हायचं थांबत नाही. घ्या, आणि प्रयत्नही चालू ठेवा."

"मग गड्या, अडलंय कुठे?"

"आईंना दुखवायचं नाही मला."

श्रीनिवासरावांनी प्लग घट्ट बसवला. मग किल्ली माझ्या सीटवर ठेवली. "पेट्रोल भरलेलं आहे, गड्या," म्हणाले, आणि जिना चढून गेले.

शहरात लसीचा नंबर मिळेना. केदारने वाघोलीचा मिळवून दिला. मंगळवारी त्याची मीटिंग होती. "शाळेचं काम आहे," असं सासूला सांगून ती निघाली. खडकी ते वाघोली, भर उन्हात. केंद्राबाहेरचा एक माणूस म्हणाला, "ताई, इकडं लावा गाडी, सावली हाय." जाताना तिने माझा आरसा सरळ केला. त्यात स्वतःला बघितलं. मास्कमुळे डोळेच दिसत होते. मग आत गेली. परतताना नगर रोडवर गुणगुणत होती. चाल कुठली ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. सरोजिनीबाईंना डोळे तपासायला जायचं होतं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. सुरुची निघाली.

सुटताक्षणीच मला कळलं. क्लचवर बोटं होती, जोर नव्हता. कालची सुई डाव्याच दंडात बसली असणार. अर्धा क्लच दाबून टाकलेला गिअर मला सहन होत नाही, पण त्या दिवशी मी दात खाऊन सोसलं. बोपोडीच्या सिग्नलला मात्र माझाही इलाज चालला नाही. दचका बसला आणि मी बंद पडलो. सिग्नल हिरवा झालेला.

मागून एकजण ओरडला, "ओ ताई, जमत नसेल तर ढकलत न्या!"

सरोजिनीबाई वळल्या. "तुम्हाला एवढी घाई असेल तर उडून जा. पंख विसरलात का घरी?"

सुरुचीने मला कडेला घेतलं. डावा दंड धरून उभी राहिली आणि पटकन हात सोडला. उशीर झाला होता. बाईंनी पाहिलं होतं. त्यांचा स्वतःचा हात तसाच दुखला होता.

मी वाट पाहत होतो, आता स्फोट होणार. दारूगोळ्याच्या कारखान्याशी माझा जुना संबंध आहे, मला अंदाज असतो.

बाईंनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला.

"गड्या," त्या म्हणाल्या, "हळू घे. तिचा हात दुखतोय."

"आई, मी..."

"मी तुझ्याशी बोलत नाहीये. गड्याशी बोलतेय." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "गड्या, सांग तिला, दोन दिवस दुखतं. घरी गेल्यावर बर्फ लाव म्हणावं. आणि मी जे बोलले ते भीतीने बोलले. मागच्या खेपेला तिला रिक्षातून उतरताना पाहिलं. ते पुन्हा बघायचं बळ नाही माझ्यात."

सुरुची रस्त्याच्या कडेलाच रडली. बाई माझ्या पत्र्यावर थोपटत राहिल्या. खरं तर त्यांना तिची पाठ थोपटायची होती. पण चाललं.

त्यानंतर पुष्कळ महिने काहीच झालं नाही. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "लस घेतली ना, म्हणूनच." सरोजिनीबाईंनी विचारलं, "डॉक्टर कधी झालात? पाटी नाही दिसली दारावर." पुन्हा तो विषय सोसायटीत निघाला नाही.

पुढल्या वर्षी दिवाळीनंतर सुरुचीला दिवस राहिले. लसीने दिलं नाही, लसीने अडवलंही नाही. वेळ आली आणि झालं. मुलगी आहे. मुक्ता.

आता माझे कागद संपलेत. रस्त्यावर जात नाही. पार्किंगमध्ये फलकावर सूचना लागली आहे, भंगार वाहने हलवावीत. श्रीनिवासराव सूचनेसमोर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "गड्या, काही लोकांना भंगार कशाला म्हणतात ते कळत नाही."

काल मुक्ताला डोस होता. घरी आल्यावर ती माझ्या पुढच्या चाकाशी उभी राहिली. क्लचपर्यंत तिचा हात कसाबसा पोचतो. ओठ काढून म्हणाली, "गड्या, मला टोचलं."

वरच्या खिडकीतून आवाज आला, "गड्या, सांग तिला, दोन दिवस दुखतं."

मी काही मागत नाही. मागायची सवय नाही. फक्त सोसायटीच्या लोकांना एवढंच सांगा, मला इथून हलवू नका. या घराला अजून बरंच बोलायचं आहे.