सफरचंदांच्या वासाची शवपेटी

"आता ही सफरचंदं काय माझ्या डोक्यावर ठेवू?" गुनबोर्ग माझ्यात वाकून पुटपुटत होती आणि एकेक फळ काढून टोपलीत आपटत होती. "शहरातून सिनेमावाले येतात काय, पेटी मागतात काय, आणि आमचा म्हातारा नाचत नाचत देतो काय!"

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी शवपेटी आहे. आमच्या बेटावर माणूस धडधाकट असतानाच आपली पेटी करून ठेवतो. हिवाळ्यात समुद्र गोठतो, बोटी बंद होतात. ऐन वेळी लाकूड कुठून आणणार? गुनबोर्गच्या नवऱ्यानं, टोरवाल्डनं, वादळात पडलेल्या पाइनच्या झाडातून मला स्वतःच्या हातानं घडवलं. माप बघायला तो आत आडवा झाला आणि तिथंच घोरू लागला. गुनबोर्गनं ती गोष्ट बेटभर केली.

पण रिकामी पेटी ठेवणं म्हणजे आमच्याकडे उधळेपणा. म्हणून मी माळ्यावर राहिले आणि दर वर्षी सफरचंदं सांभाळली. गुनबोर्ग दर रविवारी झाकण उघडून नासकं फळ हुडकायची. "एक लपून राहिलं की सगळी रास जाते," असं म्हणायची. मित्रांनो, मला ते फक्त फळांबद्दल वाटायचं.

उन्हाळ्यात डॉक्टर येऊन गेले. तेव्हापासून टोरवाल्डचा कोट त्याला मोठा व्हायला लागला. शेजारी म्हणत, "जरा थकवा आहे." गुनबोर्ग म्हणे, "कॉफी फार पितो." मला कुणाला देऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं. पण का देऊ नये, हे सांगायचं कसं? म्हणून ती सफरचंदांवरून भांडली, आणि हरली.

आणि मी निघाले! आयुष्यात पहिल्यांदा घोडागाडीत बसले, वारा खाल्ला, समुद्र पाहिला. किनाऱ्यावर दिवे, तारा, खोकी, आणि सगळं बेट गोळा झालेलं. दिग्दर्शक एकेलुंड यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिचा चेहरा बघा!" मला आजवर कुणी चेहरा आहे असं म्हटलं नव्हतं.

सिनेमाची गोष्ट अशी: एका कोळ्याचा मुलगा समुद्रात बुडतो, देह सापडत नाही, आणि रिकाम्या पेटीपुढे उभ्या राहिलेल्या पाद्र्याला प्रार्थनाच सुचत नाही. म्हणजे माझं काम काय, तर रिकामं असणं! एवढी मोठी भूमिका कुणाला मिळते?

एकेलुंडना काळं आभाळ हवं होतं आणि नेमकं लख्ख ऊन पडत होतं. सगळे ढगांची वाट बघत बसले. टोरवाल्ड घोंगडी पांघरून रोज पहिल्या रांगेत हजर.

"आजोबा, तुम्हाला मरणाची भीती वाटते का हो?" एकेलुंडनी विचारलं.

"वारा कुठून आहे त्यावर आहे," टोरवाल्ड म्हणाला.

सगळे हसले. गुनबोर्ग राय धान्याची भाकरी कापत राहिली.

अखेर ढग आले. धावपळ उडाली. पाद्री झालेला नट माझ्यावर वाकला, तोंड उघडलं, आणि थबकला. माझ्यातून सफरचंदांचा वास आला होता. त्याचे डोळे भरून आले, पाठ केलेला शब्दही फुटेना. एकेलुंड कॅमेऱ्यामागे आनंदानं उड्या मारत होते. "हेच! हेच हवं होतं!" मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या फळ्या फुगल्यासारख्या वाटल्या.

मग एकेलुंडना शेवट सुचला. पाद्री रिकामी पेटी लाटांत ढकलून देतो, ती खडकांवर आपटून फुटते. मी नुसती शहारले. फुटायचं? मी? पण सिनेमात!

"पेटी परत मिळणार नाही, आजोबा," ते म्हणाले, "पण बदल्यात ओकच्या लाकडाची देतो. पितळी कड्यांची! वसंतात पहिल्या बोटीनं दारात हजर."

शेजारी आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"ओकची," टोरवाल्ड म्हणाला. त्यानं माझ्या कडेवर हात ठेवला. हात हलका, पानासारखा. "वसंतात. हं. तिला विचारा."

"सफरचंदं..." गुनबोर्गनं सुरुवात केली. "सफरचंदं जमिनीवर पडलीत. माळ्यावर उंदीर..."

"बाई, सफरचंदांना आम्ही खोकी देतो की!"

गुनबोर्गनं हातातली सुरी पुसली आणि खाली ठेवली. मग चालत आली आणि लाटांच्या व माझ्या मधे उभी राहिली.

"ही देता येणार नाही," ती म्हणाली. "वसंतापर्यंत माझा माणूस राहणार नाही."

वारासुद्धा ऐकत असावा. टोरवाल्डनं मोठा श्वास सोडला.

"सुटलो बाई," तो म्हणाला. "मला वाटलं, हे मलाच तुला सांगावं लागणार."