आजाराचा वाटा

देवापुढचं गाऱ्हाणं संपत आलं होतं. रापणीच्या खोपीत, सुकवून रचून ठेवलेल्या जाळ्याच्या आडोशाला पंचवीसेक माणसं हात जोडून उभी होती आणि रापणीचा म्होरक्या बाळा तांडेल डोळे मिटून घोगऱ्या आवाजात म्हणत होता, “...कोणाच्या घरात काय दुखणा आसात, तर तां दूर कर, आणि सगळ्या लेकरांचा बरा कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांनी एका दमात म्हटलं. किशोरीनेही म्हटलं. मग ती वडलांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि सभेची वही उघडली.

वडील, हरिश्चंद्र, जाऊन दोन महिने झाले होते. एकोणीस वर्षं ते या रापण संघाचे चिटणीस होते. नवा चिटणीस मिळेपर्यंत ते काम तिच्याकडे आलं होतं. ती कुडाळच्या कॉलेजात ग्रंथपाल. सुट्टीच्या दिवशी एसटीने यायची, लिहायचं ते लिहून परत जायची. घरात थांबवत नसे.

रापणीचं लांबलचक जाळं सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढलं की मासळीचे वाटे पडत. जाळ्याचे, होडीचे, दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा एक. आणि त्याआधी एक वाटा बाजूला निघे, तो कुणाचाच नसे. त्याला आजाराचा वाटा म्हणत. वाडीत कुणी पडलं की गाडी, तपासण्या, बाहेरून आणायची इंजेक्शनं त्यातून होत. कुणी किती घातलं आणि कुणी किती नेलं, हे कधी विचारलं जात नसे.

दोन वर्षांपूर्वी सुशांतने विचारलं होतं. त्याची स्वतःची होडी होती, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला न्यायची. आई, बायको, मुलं, सगळ्यांचा विमा त्याने काढला होता. मी दोनदा कित्याक भरू, असं त्याचं म्हणणं. तेव्हा हरिश्चंद्रांनी मुलीला बोलावून घेतलं. “तू वाचतंस. तूच सांग काय ता.”

तिने खरंच पुष्कळ वाचलं होतं. काही देशांत सरकारची एकच थैली असते, सगळ्यांच्या आजाराचं बिल तीच भरते. काही ठिकाणी विमा कंपन्या अनेक, पण कुणाला बाहेर राहायची मुभा नाही. काही ठिकाणी ज्याची त्याची मर्जी. तिने सगळं नीट समजावलं होतं, आणि शेवटी स्वतःच एक कलम लिहून दिलं होतं: ज्याने स्वतःचा विमा काढला आहे, त्याने आजाराच्या वाट्यातला आपला हिस्सा घरी न्यावा. तिला ते न्यायाचं वाटलं होतं. वडील वहीकडे बघत म्हणाले होते, “तू शिकलेली, तुका समाजता.”

वर्षभरात तरणेताठे एकेक करून बाहेर पडले. वाट्यात राहिली ती म्हातारी आणि दुखणाईत माणसं. घालणारे कमी, लागणारे सगळेच.

“आजचो विषय,” बाळा खाली बसत म्हणाला, “ह्या कलम ठेवूचा काय काढूचा. किशोरी, बोल गो. पण देशोदेशीचा नको हां, मागच्या खेपेक तू कॅनडापर्यंत गेललंस, आमची भाकरी थंड झाली.”

हसणं झालं. किशोरी हसली नाही.

“ते कलम मी लिहिलं,” ती म्हणाली. “ते चुकलं. निरोगी माणसांना बाहेर जाता आलं की थैलीत फक्त आजारी उरतात. ही गोष्ट मी तेव्हाही वाचलेली होती. आपल्या वाडीत तसं होणार नाही, असं मला वाटलं. सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून.”

“पण आता सरकारचा कार्ड आसा मा?” मागून सर्वेश म्हणाला. त्याने नुकतंच मोबाइलवर मोफत उपचाराचं कार्ड काढलं होतं. “सगळ्यांका मिळता. मगे ह्यो वाटो कित्याक होयो?”

“माझो डायलिसिस कार्डावर फुकटच आसा रे,” गणपत म्हणाला. तो जाळ्यावर रेलून बसला होता, पायांवर सूज होती. “पण कार्ड माका उचलून कुडाळाक न्हेना नाय. आठवड्याक दोनदा रिक्षा लागता. कार्डाक चाकां लाव, मगे बोल.”

पुन्हा हसले. सर्वेशही हसला.

“आणि कार्ड चालतं ते आजार ठरल्यावर,” किशोरी म्हणाली. “ठरवायच्या तपासण्या आधी कराव्या लागतात.”

सगळ्यांना माहीत होतं ती कशाबद्दल बोलतेय. हरिश्चंद्रांचं पोट पावसाळ्यापासून दुखत होतं. स्कॅन करा म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं, तेव्हा तिने पैसे पाठवते म्हटलं होतं. “वाट्यातून होतला,” ते फोनवर म्हणाले होते. “मी एकोणीस वर्सां घातलंय, माझो हक्क आसा. तू जीव काढू नको.” तिने मानलं. गेल्यावर गणपतने सांगितलं की वाट्यात एकाच माणसाचं भागेल एवढंच उरलं होतं. हरिश्चंद्र त्याला म्हणाले होते, आधी तुझां, माझां काय पोटात वारो धरता तसा आसा. चार महिने ते स्कॅनला गेलेच नाहीत. गेले तेव्हा उपचारांची वेळ निघून गेली होती, डॉक्टरांनी कार्ड मागितलंही नाही.

सुशांत उठला. तो वाईट माणूस नव्हता. खांदा द्यायला पहिला तोच होता.

“हरीभाऊंचा माका वाईट वाटता,” तो म्हणाला. “पण किशोरी, माझ्या आवशीचो हप्तो ह्या वर्सा दीडपट झालो. तो चुकलो तर विमो गेलो. मी हयसर पण भरू, थयसर पण भरू? मगे माझ्या घरात कोण पडला तर?”

“तुमच्या विम्यात बसणार नाही ते इथून होईल.”

“होईल. वाट्यात आसला तर.”

याला तिच्याकडे उत्तर होतं. सगळे परत भरायला आले, तर वाट्यात असेलच. पण ते बोलताना तिला स्वतःलाच जाणवलं की समोरच्या प्रत्येकाला दुसऱ्याने आधी यायला हवं आहे.

हात वर झाले. कलम काढायच्या बाजूने अकरा, ठेवायच्या बाजूने चौदा. सुशांतने हात वर करताना तिच्याकडे पाहिलं नाही. यशोदाकाकी, जिच्या छातीत मागच्या महिन्यात कळ आली होती, दोन्ही वेळा पदर सावरत राहिली. तिचा मुलगा धनेश याचा हात कलम ठेवायच्या बाजूने होता.

माणसं उठली. बाहेर ऊन रणरणत होतं. बाळा म्हणाला, “वायच उशिरान परत बघूया, पुढच्या वर्सा.”

गणपत मात्र बसून होता. किशोरी सभेचा निकाल लिहीत होती, तेव्हा तो हळूहळू सरकत खुर्चीपर्यंत आला.

“एक लिव गो,” तो म्हणाला. “वाट्यातून माझा नाव काढ.”

तिचा हात थांबला. “का?”

“यशोदेक तपासणी सांगल्यानी हा. पोरगो नाय म्हणालो तरी तिका जावक होयाच. दोघांका पुराचा नाय.” तो अगदी साध्या आवाजात बोलत होता. “माझां काय, मी लय दिवस खाल्लंय.”

“मी लिहिणार नाही.”

“मगे बाळा लिवतलो. माझो आंगठो तर माझोच आसा.”

“काका,” ती म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच चढला, “बाबांनी हेच केलं. तुम्ही पाहिलंत काय झालं ते.”

“बघलंय म्हणानच तर.”

तिने पेनाला टोपण लावलं. “उद्या तुमची पाळी आहे. साडेसातला रिक्षा येईल. तुम्ही बसायचं.”

“कोणाची रिक्षा?”

“मी सांगते रिक्षावाल्याला. पैसे माझे.”

“उद्या तू सांगतलंस,” गणपत म्हणाला. “शुक्रवारी?”

“शुक्रवारीही.”

“आणि यशोदेक? आणि तिच्यामागसून जो कोण पडात, तेका?”

तिच्या पगारात एक रिक्षा बसत होती, कदाचित दोन. गणपत वाट बघत होता, टोमणा म्हणून नव्हे, खरोखरच, जणू वाचलेल्यांना अजून काही माहीत असेल. बाहेर धनेश आईला हाक मारत होता. किशोरीने वही त्याच्या अंगठ्याला लागणार नाही अशी उचलून छातीशी धरली.