खिडकीतून माणूस जात नाही

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. साधी प्लायवूडची. सागवान माझ्याकडे बघून नाक मुरडतो, मुरडू दे बापडा! त्याच्या अंगावर आहे का अख्खी गढी? माझ्या अंगावर आहे. नऊ खोल्या, अकरा दारं, सात खिडक्या. आंबेगाव तालुक्यातल्या लोणी गावात, सोपानभाऊंच्या आतल्या खोलीत, दक्षिणेच्या भिंतीवर मला खिळे मारून ठोकलं आहे. दहा वर्षं झाली. माझा जन्म काही यासाठी झाला नव्हता.

माझा जन्म त्याच भिंतीच्या पलीकडे झाला. तिथे गफूर मिस्त्रींचा सुतारकामाचा पत्रा होता, म्हणजे पत्र्याची शेड, सोपानभाऊंच्या घराला टेकूनच. कुणाच्या तरी कपाटातून उरलेला तुकडा म्हणजे मी. पंच्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. दिवाळी संपली की किल्ल्यावरचे मातीचे मावळे माळ्यावर जातात. पण मिस्त्रींची रूही आणि सोपानभाऊंची वृषाली, दोघी चौथीतल्या मैत्रिणी, मावळे घेऊन मिस्त्रींसमोर उभ्या राहिल्या. “अब्बा, ह्यांना लढायला जागा पायजे!”

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि सुतार घराचा नकाशा काढतो तशी माझ्यावर गढी काढली. भिंत म्हणजे दोन रेघा. खिडकी म्हणजे त्या दोन रेघांच्या मधोमध तिसरी रेघ. दार म्हणजे भिंतीत मोकळी जागा आणि तिला लागून एक गोल कमान.

“चाचा, हा पाळणा हाय का?” वृषालीने त्या कमानीवर बोट ठेवलं.

मिस्त्री पोट धरून हसले. “पाळणा न्हाई गं पोरी, दार हाय ते. दार उघडताना जिकडून फिरतं ती जागा. तिथं तू मावळा उभा केला तर दार उघडंल कसं?”

झालं! तोच खेळाचा पहिला नियम ठरला. कमानीत शत्रूचा मावळा उभा असेल तर दार उघडत नाही. फोडलेले चिंचोके फाशांसारखे टाकायचे, जितके पांढरे पडतील तितकी घरं चालायचं. खिडकीवरून मात्र पहिल्याच दिवशी कडाक्याचं भांडण झालं. शेवटी रूहीने मला उलटी करून पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘खिडकीतून बघायचे. बाण मारायचा. माणूस जात नाही.’ रूही नियमाची पक्की, आणि वृषाली पळवाट शोधण्यात पटाईत. रोज भांडायच्या, रोज गट्टी. मला मोठी मजा वाटायची.

दोन वर्षांनी वृषालीचे गुडघे सुजले. ताप यायला लागला, मग धाप. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झाली आहे. तिची शाळा सुटली. तिची खाट दक्षिणेच्या खिडकीखाली आली, कारण तिथे वारा यायचा. त्या खिडकीला गज नव्हते आणि तिच्या पलीकडेच मिस्त्रींचा पत्रा. शाळा सुटली की रूही पलीकडून यायची आणि मला खिडकीत आडवी ठेवायची. अर्धी मी घरात, अर्धी पत्र्याखाली. वृषाली उशीला टेकून चिंचोके टाकायची.

सांगायला लाज वाटते, पण माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच. तिच्या आजारपणामुळे मला रोज काम होतं. वृषालीची आई, अंजनाबाई, माझ्यावर पडलेला लाकडाचा भुसा पदराने पुसायची आणि म्हणायची, “ह्या फळीपायी पोर दोन घास खाती माझी.” एवढं कौतुक कुठल्या सागवानाचं झालं असेल, सांगा बरं!

नव्याण्णवच्या दिवाळीनंतर वृषालीच्या पायांवर सूज चढली. डॉक्टर आता स्पष्ट काही बोलत नव्हते. त्या दिवसांत दोघींचा एक डाव रंगला. वृषालीचा शेवटचा मावळा कोपऱ्यातल्या खोलीत अडकला होता. एकच दार, आणि त्या दाराच्या कमानीत रूहीचा मावळा छाती काढून उभा.

“माझा खिडकीतनं जाईल,” वृषाली म्हणाली.

“न्हाई जात. नेम म्हंजी नेम.”

“लई बारीक हाय गं तो. माझ्यावानी. जाऊ दे की!”

“मग हरले म्हण.”

“न्हाई म्हणणार. जा, कट्टी!”

“तूच जा! फू कट्टी!” रूही तरातरा निघून गेली. डाव तसाच माझ्यावर मांडलेला राहिला. मी मनात म्हटलं, उद्या होईल गट्टी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक वास्तूवाला आला. हातात होकायंत्र. तोही दारांचे आणि खिडक्यांचे अर्थ लावणारा! तो खिडकीपाशी थांबला आणि मान हलवू लागला. “दक्षिण. यमाची दिशा. पोरीच्या उशाशी यमाला वाट करून दिलीय तुम्ही. आजच्या आज बंद करा. अकरा दिवस त्या बाजूचं कुणी घरात घेऊ नका.”

सोपानभाऊंनी मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्री हातोडी घेऊन आले, सगळं ऐकलं आणि हातोडी खाली ठेवली. “सोपानभाऊ, खिडकी बुजवून दुखणं जातं व्हय? पोरीला वारं तरी येऊ द्या.”

“गफूरभाई, पोर चालली माझी.” सोपानभाऊ म्हणाले. “डॉक्टर हात वर करतो. आता कुणी सांगितलं ना, घर पाड, तर घर पाडीन मी.”

 पण मिस्त्रींच्याने खिळा मारवला नाही. विटा आणायला वेळ नव्हता, आणि मी खिडकीच्या मापाची, समोरच. सोपानभाऊंनी मावळे बाजूला केले आणि ती हातोडी उचलून मला स्वतः ठोकलं.  सातांतले चार खिळे वाकडे गेले. माझी गढी वृषालीकडे राहिली आणि पाठीवरचा नियम रूहीकडे.

संध्याकाळी रूही पत्र्याखाली आली आणि थबकली. मिस्त्री तिला वास्तूवाल्याचं काही सांगायला धजले नव्हते. तिला वाटलं, वृषालीनेच रागाने खिडकी बंद करून घेतली. दोन दिवस ती फुगून बसली. तिसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही, ती पुढच्या दारी गेली. अंजनाबाईने दार अर्धंच उघडलं. “अकरा दिस थांब गं बाई. मग ये.” एवढंच म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

इकडे वृषाली विचारायची, “आई, रूही आली व्हती का गं?”

“न्हाई,” अंजनाबाई म्हणायची. पोरीला हुरहूर लागू नये म्हणून.

“अजून कट्टीच हाय म्हणायची,” वृषाली पुटपुटायची.

मित्रांनो, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं! मधे मीच तर होते. एक शब्द बोलता आला असता तर! पण लाकडाला वाचा नसते.

नवव्या दिवशी दुपारी वृषाली उठून बसली. कितीतरी वेळ धाप आवरत राहिली. मग उशीखालून तिने तो शेवटचा मावळा काढला, माझ्या कोपऱ्यातल्या खोलीवर टेकवला आणि हळूहळू खिडकीच्या तीन रेघांवरून बाहेर सरकवला. तिसऱ्या रेघेवर तिचा हात गळाला. तो मावळा खाली पडून फुटला. त्याचा लाल रंग माझ्या खिडकीवर अजून आहे. तासाभरात जीप आली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेली.

रूही शाळेतून आली ती धावतच. मिस्त्रींनी तिला त्या सकाळी सगळं सांगितलं होतं, वास्तूवाल्यापासून. दुपारभर ते बाहेर कामावर होते, जीपचं मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिने माझ्या पाठीवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. “वृषे! ए वृषे! गट्टी! ऐकलंस का? तुझा मावळा खिडकीतनं जाऊ दे! जातो म्हण!” आत रिकामी खाट होती. रूहीला वाटलं, राग गेला नाही. मग तिने अब्बांची पेन्सिल घेतली आणि ‘माणूस जात नाही’ यावर रेघा मारत राहिली, टोक मोडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप वृषालीला चादरीत गुंडाळून परत घेऊन आली, तेव्हा रूहीला कळलं की काल ती रिकाम्या खाटेशी बोलत होती.

पुढे सांगण्यासारखं काही नाही. रूहीचं लग्न होऊन ती जुन्नरला गेली. गावात लोखंडी दारं आली आणि मिस्त्रींचा पत्रा बंद पडला. सोपानभाऊ एकदा पक्कड घेऊन आले होते. एक खिळा उपसला, लाल डागाकडे बघितलं आणि पक्कड घेऊन परत गेले. आता मला खालून वाळवी लागली आहे. चार खोल्या खाल्ल्या तिने. कोपऱ्यातली अजून शाबूत आहे.

मित्रांनो, खेळात हट्ट करा, खुशाल करा. पण कट्टी रात्रभर ठेवू नका. आणि तुमच्या घरात कुणी खिडकी बुजवायला निघालं, तर त्याचा हात धरा आणि पलीकडे कोण उभं आहे ते आधी बघायला लावा. हे मी कुणाला सांगते आहे, मलाच कळत नाही. माझ्यासमोर खाट आहे, तिच्यावर गादी गुंडाळून ठेवली आहे, आणि या खोलीत आता कुणी येत नाही.