आधी काहील धुतली

मी एक जुनी काहील आहे. आधीच सांगते मित्रांनो, मला कढई म्हटलेलं खपत नाही. कढईत भजी तळतात. माझ्यात साऱ्या वरकुटे गावाच्या उसाचा रस उकळून गूळ व्हायचा!

इंदापूरच्या बाजाराबाहेर पाल टाकून राहणाऱ्या रतन घिसाड्यानं मला घडवलं. घरच्यांशी तो कुठल्या लांबच्या बोलीत बोलायचा आणि गिऱ्हाइकाशी मात्र मराठीत भांडायचा. त्याच्या बायकोनं घण मारून माझे पत्रे जोडले. मग सावळारामतात्यांनी मला बैलगाडीत घालून आपल्या मळ्यात आणलं.

त्या मळ्यात ऊस उभा राहिला तो गेणबा माळ्यामुळं. तो सासवडकडून आला, आणि ज्वारी-बाजरीपलीकडं न बघणाऱ्या आमच्या लोकांना त्यानं कालव्याच्या पाण्यावर ऊस लावायला शिकवलं. रस आटवायला बारामतीचे दस्तगीरभाई गुळवे यायचे. माझ्याखालच्या चुलवाणात चिपाडं सारायला गावकुसाबाहेरचा भीमा असायचा. पहिल्या दिवशी दस्तगीरभाई बिस्मिल्ला म्हणायचे, तात्या खंडोबाचं नाव घ्यायचे आणि जाळ भीमा लावायचा. काय गूळ व्हायचा म्हणून सांगू! वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून गरम खडा हातावर ठेवायचे. एवढ्या नाना लोकांची मेहनत माझ्या पोटात एक व्हायची, म्हणून मी फुगून बसलेली असायचे.

एक दंडक मात्र होता. भीमानं जाळापाशी राबायचं, मला शिवायचं नाही.

एकोणीसशे छत्तीस सालातली गोष्ट. पाक तयार झाला आणि दस्तगीरभाई ओरडले, "उचला!" माझ्या कड्यांत दांडे घालून चौघांनी मला उचललं. तोच तात्यांच्या पुतण्याचा, जयवंताचा, सांडलेल्या मळीवरून पाय सरकला. त्याच्याकडचा दांडा निसटला आणि मी कलंडले, ती थेट दस्तगीरभाईंच्या अंगावर. उकळता पाक माझ्या काठाशी आला. माझा तर जीवच गेला!

चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला भीमा उठला आणि त्यानं माझी तापलेली कडी दोन्ही हातांनी धरली. कातडी चरचरली, पण त्यानं कडी सोडली नाही. जयवंतानं सावरून दांडा परत घातला, मगच भीमाचे हात सुटले. गूळ नीट निवायच्या वाफ्यात पडला. दस्तगीरभाई वाचले.

कुणीतरी म्हणालं, "तात्या, काहील बाटली!"

"आरं, पर गडी भाजला न्हवं? आदी त्येच्या हाताला तेल लावा की!" दस्तगीरभाई म्हणाले.

"लावू की. पळून चाललाय व्हय त्यो? आदी काहील तर धुऊ द्या," तात्या म्हणाले.

मग काय! गोमूत्र आणलं, राख आणली आणि मला घासघास घासलं. गूळ मात्र बाटला नाही हं, तो गाडीत बसून बारामतीच्या बाजाराला गेला. माझं धुणं उरकेपर्यंत भीमा हात पुढं धरून घरी निघून गेला होता. दस्तगीरभाई तेलाची बाटली घेऊन त्याच्यामागं गेले. त्यानंतर ते आमच्या मळ्यात कामाला आले नाहीत.

दुसऱ्या गुळव्यांच्या हातचा गूळ काळा आणि चिकट व्हायला लागला. तात्यांनी ऊस कमी केला आणि मला विहिरीजवळ नेऊन ठेवलं. आता माझ्यात गुरं पाणी पितात.

परवा उन्हातून भीमा आला. तात्यांची म्हैस माझ्यात तोंड घालून खुशाल पीत होती. भीमा लांब उभा राहिला.

"वैनी, घोटभर पानी वाढता का?" त्यानं तात्यांच्या बायकोला, प्रयागबाईंना विचारलं.

त्यांनी वरून कळशी तिरकी केली. भीमानं हात जोडून धरले. पण भाजलेली बोटं आखडलेली होती, त्यांची ओंजळ होईना. पाणी सगळं मातीत गेलं. प्रयागबाई ओततच राहिल्या, त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"ऱ्हाऊ द्या वैनी," असं म्हणून भीमा तसाच तहानलेला निघून गेला.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला दुसऱ्या दिवशी घासलं असतं तरी चाललं असतं.