दादरा सुटलेली घागर

मी एक खापरी बोलतेय. आज माझ्यावरून निखारे नेतात. पण एके काळी मी घागर होते, आणि तेव्हा माझा तोरा काही औरच होता!

यहूदाच्या डोंगरातल्या गावात शल्लूम कुंभाराने मला घडवले, लेकीच्या, महलाच्या लग्नासाठी. कान बसवताना त्याचा अंगठा ओल्या मातीत रुतला. तो म्हणाला, "राहू दे. महलाला बापाची आठवण राहील." तो खळगा तसाच आव्यात भाजून निघाला.

महलाच्या कमरेवर बसून विहिरीवर जायचे, बायकांच्या चहाड्या ऐकायच्या, भरून परतायचे. काय दिवस होते ते! पुढे शल्लूम थकला आणि लेकीकडेच राहायला आला.

आमच्याकडे घरात कुणी मेले की उघड्या तोंडाच्या भांड्यांना विटाळ लागतो. माणसे, कपडे, तांब्याची भांडी राखेच्या पाण्याने शुद्ध होतात. मातीला ती सोय नाही. विटाळ मुरतो, मग भांडे फोडायचे. तोंडावर दादऱ्याचे फडके घट्ट बांधलेले असेल तरच ते वाचते. शल्लूम हसून म्हणायचा, "देवाने कुंभाराच्या पोटाची सोय करून ठेवलीय!"

तो अंथरुणाला खिळल्यापासून महला माझा दादरा क्षणभरही सोडून ठेवत नसे. पण त्या दुपारी त्याला तहान लागली. तिने पखालीतले पाणी पुढे केले, तर म्हातारा तोंड फिरवून म्हणाला, "चामड्याचा वास येतो. माझ्या घागरीतलं दे."

तिने गाठ सोडली. तो घोटभर प्याला. "गार आहे गं. भाजणी झकास जमली होती," म्हणाला आणि गेला. दादरा महलाच्या हातातच राहिला.

शल्लूमची बहीण होदेश उशाशीच होती. डोळे पुसत तिने मला पाहिले.

"महले, रड नंतर. आधी तो दादरा बांध."

"आत्या, बाबा गेले तेव्हा घागरीचं तोंड उघडं होतं."

"कुणी पाहिलं? मला तर धड दिसतही नाही."

"सुई ओवताना बरं दिसतं!"

"अगं, त्याच्या हातचं एवढंच उरलंय घरात."

महलाने दादरा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "कुणाच्या घरी मयत झाली की बाबा अख्ख्या गावाला मडकी फोडायला लावायचे. आपल्यावर आलं की गुपचूप गाठ मारायची? आणि तेच पाणी पोरांना पाजायचं?"

खरे सांगते, मला आत्याचेच पटत होते. फुटायची हौस कुणाला असते? महलाचा मला रागच आला होता.

सातव्या दिवशी एक शुद्ध माणूस आला. झऱ्याच्या पाण्यात तांबड्या कालवडीची राख कालवून, एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने त्याने माणसांवर, अंथरुणावर, पखालीवर, तांब्याच्या भांड्यांवर शिंपडले. मी अंगणात कोपऱ्यात उभी होते. माझ्याकडे तो वळलाही नाही.

महलाने मला विहिरीवर जाताना घ्यायची तसे कमरेवर घेतले. खळग्यावरून बोट फिरवले आणि दगडावर आपटले. सगळ्यांत मोठ्याने आत्याच रडली.

तुकडे गोळा करतानाही तीच पुढे होती. वेचता वेचता थांबली आणि मला पदराला पुसून महलापुढे धरले. "ही घे. कानाशेजारची आहे. फुटलं की विटाळ संपला. आता कुणाला विचारायला नको, काही लपवायला नको."

महला मला छातीशी धरून हमसून हमसून रडली. माझा राग तिथेच विरघळला.

आता पाणी माझ्या नशिबी नाही. विहिरीची वाट आठवली की जीव कासावीस होतो. निखाऱ्यांनी मी काळी पडलेय, कडा झिजल्यात. एखाद्या दिवशी तडकेन. तेव्हा मला शल्लूमच्या जुन्या आव्यापाशी टाका, एवढेच मागणे.

तोवर सकाळ झाली की महला शेजारच्या चुलीकडे निघते. मला उचलताना तिचा अंगठा त्या खळग्यात नेमका बसतो आणि ती हळूच म्हणते, "चला बाबा, विस्तव आणू."