फक्कीचा आठ

देवमनच्या गाडीला परक्या माणसाचा हात लागला, की ते त्याला लांबूनच कळे. आरसा बोटभर सरकलेला असे, नाहीतर सीटवरच्या धुळीत पंजा उमटलेला असे. त्या रविवारी मात्र काही हेरायची गरजच पडली नाही. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवायचं लोखंडी कॅरिअरच गाडीवर नव्हतं. भादरलेल्या मेंढरासारखी गाडी अंगणात उभी होती.

"स्वप्निल, कॅरिअर काढलं कोनं?"

स्वप्निल, त्याचा मुलगा, नुकताच अकोल्याहून आला होता. हातात रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी होती. "मले काय माहीत बाबा? मी तं आत्ताच येऊन राहिलो."

"चावी तूच घेतली होती."

"घेतली अन् आईपाशी ठेवली. अन् चावीनं कॅरिअर निघते का? त्याले पाना लागते."

उत्तर बरोबर होतं. पण देवमनला बरोबर उत्तरांचाच जास्त संशय येई.

चाळीस वर्षं तो गावातून चांदूर बाजारला दूध नेत होता. नऊ किलोमीटर जायचं, नऊ यायचं. दोन कॅन बाजूला, एक मागच्या सीटवर; येताना तेवढ्याच वजनाची गुरांची ढेप. आधी राजदूत मोटारसायकल झाली, मग आणखी दोन गाड्या झाल्या, पण लायसन काही झालं नाही. तरुणपणी अक्षरओळख नव्हती आणि फॉर्म कुणाकडून भरून घ्यायची लाज वाटे. पुढे पंचेचाळिसाव्या वर्षी विहारातल्या साक्षरता वर्गात तो वाचायला शिकला, तोवर सगळा रस्ताच त्याला ओळखत होता. मग लायसन दाखवायचं कुणाला?

दोन महिन्यांपूर्वी अमरावतीच्या चौकात एका नव्या शिपायाने त्याला अडवलं आणि फोन गेला थेट स्वप्निलला. स्वप्निल अकोल्यात सरकारी नोकरीत, जठारपेठेत राहायला. तो आला आणि त्याने चावी काढून घेतली. मग एकच बोलला.

"लायसन काढा, चावी तुमची. टेस्टमंदी फेल झाले तं दूध बंद. तुमी अन् आई, दोघंही जठारपेठेले या. कबूल?"

देवमनने कबूल केलं आणि त्याच क्षणापासून त्याला डावाचा वास यायला लागला. पोराने अट इतक्या सहज कशी घातली? बाप फेल होणार हे त्याला आधीच कसं ठाऊक? त्यातच सून प्रियदर्शनी फोनवर सांगून गेली होती की मागच्या खोलीला नवे पडदे लावलेत. टेस्ट व्हायची होती आणि पडदे लागलेसुद्धा.

लर्निंगच्या परीक्षेला तो हट्टाने एकटाच आत गेला. पंधरा दिवस बोट ठेवून ठेवून त्याने रस्त्यावरच्या खुणांचं पुस्तक वाचलं होतं. संगणकावर प्रश्न आला, की उत्तरात कुठे खोच तर नाही ना हे तो दोनदा बघे. पास झाला. बाहेर आल्यावर स्वप्निल हसला, पण ते हसू देवमनला थोडं उशिराच आल्यासारखं वाटलं.

आता पक्क्या लायसनची टेस्ट व्हायची होती. विहारासमोरच्या मैदानात स्वप्निलने फक्कीने मोठा आठ आखला.

"या रेघांच्या आतून दोन चक्कर. पाय टेकला की फेल."

"चाळीस वर्षांत पाय नाही टेकला मी."

पहिल्याच वळणाला पाय टेकला. दुसऱ्या खेपेला तिथेच. तिसऱ्या खेपेला तर गाडी आठ सोडून सरळ विहाराच्या पायरीपाशी गेली. पायरीवर बसलेला प्रीतम, जो सध्या देवमनच्या बदल्यात दूध नेत होता, उठून उभा राहिला.

"काका, रेघ इकडं राहिली!"

"दिसून राहिली मले! तू दूध नेलं का?"

"कवाचंच."

"मंग इथं काय तमाशा पाहून राहिला?"

घरी येईपर्यंत देवमनच्या मनात सगळं लख्ख झालं होतं. गाडीत काहीतरी केलंय. हँडल ढिलं केलं असेल, नाहीतर हवा कमी-जास्त केली असेल. कॅरिअर काढता काढता अजून काय काय काढलं, कुणी सांगावं?

चावी कुणाकडे मागायची नव्हती, म्हणून सोमवारी तो गाडी ढकलत निघाला. थेट चांदूर बाजारपर्यंत ढकलायचा त्याचा विचार होता, पण वाटेत एका छोट्या टेम्पोवाल्याने गाडी मागे चढवून घेतली. पुंजाराम मिस्त्रीचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच. देवमनच्या तिन्ही गाड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या.

"जय भीम, पुंजाराम. हँडल पाहा, चाकं पाहा, सगळं पाहा. कोनं तरी यात हात घातला."

पुंजारामने गाडी दुकानाच्या आतबाहेर फिरवली, चाक उचलून गरगर फिरवलं, हँडल दोन्हीकडे वळवलं. पण हे सगळं करताना त्याने एकदाही देवमनच्या डोळ्यांत बघितलं नाही. एरवी तो तोंड बंद ठेवणारा माणूस नव्हता.

"गाडी एकदम फस क्लास आहे, भाऊ."

"मंग माह्या हातात काहून अशी करते?"

"आता ते… चहा घेता का?"

चहा आणायला पुंजाराम स्वतः उठला. देवमनने मान वळवली. दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या टायरांची चळत होती आणि तिच्यामागून एक ओळखीचा लोखंडी कोपरा डोकावत होता. डाव्या बाजूला तारेने बांधलेलं कडं. ती तार देवमनने स्वतः बांधली होती.

पुंजाराम चहा घेऊन आला, तेव्हा देवमन कॅरिअर मांडीवर घेऊन बसला होता.

"हे इथं कसं?"

"भाऊ, मी निसतं बोलावलं म्हनून घरी आलतो. तुमी विहारात मीटिंगले होते."

"स्वप्निलनं बोलावलं?"

"नाई."

"मंग?"

पुंजारामने चहाचा ग्लास खाली ठेवला. "वहिनीनं. अन् सांगू नका म्हनाली. आता तुमी मी सांगतलं म्हनून सांगू नका."

देवमनला आधी हसूच आलं. केशरबाई? एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तिने गाडीला हात लावला तो फक्त दिवाळीत पुसायला. पण कॅरिअर तिथंच ठेवून परतताना हसू विरलं आणि एकेक गोष्ट दिसायला लागली. गेल्या आठवड्यात तिने लोखंडी पेटी खाली काढली होती. उन्हात ठेवते म्हणाली होती. कोंबड्या शेजारच्या मायाला देऊन टाकल्या होत्या. मुंगसाचा त्रास आहे म्हणाली होती. गावात मुंगूस कुणी पाहिलं होतं?

पोरावर नजर ठेवता ठेवता त्याने आपल्याच घरातल्या चुलीकडे पाठ केली होती.

दोन दिवस तो नुसता बघत राहिला. ती भाकरी थापायची, तो बघायचा. ती पाणी भरायची, तो बघायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी केशरबाईने परात आपटली.

"काय वाघावानी पाहून राहिले दोन दिसापासून? बोला नं, काय ते!"

"कॅरिअर काहून काढलं?"

तिने पीठ लागलेले हात झटकले. नाही म्हणाली नाही, कानकोंडी झाली नाही. "तुमी फेल व्हावं म्हनून."

इतकं सरळ उत्तर ऐकायची देवमनची तयारी नव्हती. चोरून निसटणाऱ्या माणसाला धरता येतं, समोरून आलेल्याला काय धरणार?

"कॅरिअर काढलं तं मी फेल होईन, हे तुले कोनं सांगतलं?"

"कोनं सांगाले पाहिजे? मी पडलो नं तुमच्या मागून. कौंडण्यपूरच्या अलीकडं, माह्या भावाच्या लग्नाले जाताना. कॅन उतरवून पहिल्यांदा मले बसवलं होतं तुमी. अजून पावसाळ्यात हा हात ठणकते."

"ते कुत्रं आडवं आलं होतं."

"कुत्रं?" केशरबाई त्याच्याकडे बघत राहिली. "कुठी होतं कुत्रं?"

देवमनने तोंड उघडलं. तीस वर्षं तो ती गोष्ट सांगत आला होता. काळं कुत्रं, तुरीच्या वावरातून आलेलं, शेपूट तुटकं. इतक्या वेळा सांगितली होती की ते कुत्रं आत्ताही त्याला दिसत होतं. पण रस्ता मात्र मोकळा दिसत होता. वळण, कडेला तूर, आणि हँडल त्याने ज्या जोराने ओढलं तो जोर.

तो ओट्यावर बसला.

"कॅरिअर नाही तं कॅन नाही, अन् तुमाले भरल्या कॅनशिवाय गाडी जमत नाही," ती म्हणाली, आवाज आता चढलेला नव्हता. "हे फक्त मले माहीत होतं. मी कधी कोनाले नाही सांगतलं. तुमचं कुत्रं मीच जपलं इतके वर्षं. पन रोज सकाळी तुमी जाता, अन् गाडीचा आवाज वापस येईपर्यंत मी कान लावून बसतो. गुडघ्यानं विहिरीवर जाववत नाही. जठारपेठेत नळ आहे, डाक्टर आहे, नात आहे. तुमाले म्हटलं असतं तं आयकलं असतं?"

"म्हनून पाहाचं होतं."

"म्हटलं नं. चार वेळा. तुमी म्हनले, पोरानं शिकवून पाठवलं."

हे मात्र खरं होतं. तो तसंच म्हणाला होता.

देवमन उठून चप्पल घालता घालता म्हणाला, "टेस्ट शुक्रवारी हाय. मी पास होनार. पडदे लावून कोनी मले नेनार नाही."

"व्हा नं. मी कुठी धरलं?"

संध्याकाळी तिच्यापाशी ठेवलेली चावी सरावापुरती घेऊन त्याने मैदानात पुन्हा आठ घातला. पुन्हा पाय टेकला. केशरबाई विहाराच्या पायरीवर येऊन बसली होती, निवडायला तांदूळ घेऊन. त्याने चौथ्यांदा पाय टेकला, तेव्हा तिला राहवलं नाही.

"अवो, रिकामी आहे ते! भरला हंडा उचलाच्या झटक्यानं रिकामा हंडा उचलला तं काय होते? डोक्यावरून मागं जाते. तुमी साठ लिटरच्या जोरानं ओढून राहिले. हळू धरा."

देवमनने तिच्याकडे संशयाने बघितलं. फेल व्हावं म्हणून कॅरिअर काढणारी बाई आता पास व्हायची युक्ती का सांगते? यात काय डाव असेल? तो शोधत राहिला, पण ती तांदळातले खडे काढत होती आणि खड्यांच्या शोधाखेरीज तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

त्याने हात सैल सोडले. गाडी वळणाला लागली, डगमगली आणि वळली.

शुक्रवारपर्यंत तो पहाटे आणि संध्याकाळी तेवढंच करत राहिला. चाळीस वर्षांचा जोर मनगटातून उतरवत राहिला.

शुक्रवारी अमरावतीला टेस्ट घ्यायला एक तरुण मॅडम होत्या. स्वप्निल त्यांच्या टेबलापाशी कागद देताना दोन शब्द बोलला, मॅडम हसल्या. देवमन लगेच पुढे झाला.

"काय बोलला तू त्यांले?"

"पेन मागितला, बाबा."

"तू गेटाबाहेर थांब. पास झालो तं माह्यानं, फेल झालो तं माह्यानं."

स्वप्निल गेटाबाहेर गेला. जाताना त्याने बापाच्या शर्टाची कॉलर नीट केली. गेटाबाहेर पोचल्यावर तो टाचा उंचावून गजांतून आत बघत राहिला. ज्याला बाप फेल व्हायला हवा असतो, तो टाचा कशाला उंचावेल?

"आजोबा, किती वर्षं चालवता?" मॅडमनी विचारलं.

यातही काही खोच आहे का, हे त्याने क्षणभर तपासलं. "लर्निंग एका महिन्याचं आहे," तो म्हणाला.

त्या परत हसल्या. "घ्या मग."

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर जुनी सवय मनगटात उठली. हँडल जोरात ओढ म्हणाली. दोन्ही अंगं मोकळी होती, मागे कुणी नव्हतं, आडवं यायला कुत्रंही नव्हतं. देवमनने हँडल नुसतं धरून ठेवलं. गाडी आपणहून वळली. दोन चकरा झाल्या आणि पांढऱ्या रेघेवर तो थांबला, तेव्हा कुठे त्याचा पाय पहिल्यांदा जमिनीला लागला.

संध्याकाळी दोघे गावी पोचले. केशरबाई दारातच होती.

"झालं?"

"पास."

तिने मान हलवली आणि आत गेली. देवमन मागोमाग गेला. ती लोखंडी पेटीपाशी बसून घड्या केलेली लुगडी एकेक करून बाहेर काढत होती. स्वप्निलने चावी बापाच्या हातात ठेवली. ठरल्याप्रमाणे. आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

देवमनने चावी मुठीत घेतली. दोन महिने याच चावीसाठी त्याने पोराला, सुनेला, मिस्त्रीला, घरच्या बाईला पारखून काढलं होतं. आता ती मुठीत होती आणि तिचं काय करायचं, हे पहिल्यांदाच फक्त त्याला ठरवायचं होतं.

"ते राहू दे पेटीत," तो म्हणाला.

"काहून?"

"कॅरिअर पुंजारामकडंच ठेवाचं म्हनून. दूध प्रीतम नेऊन राहिलाच. उद्या मागं बस माह्या. चांदूर बाजारपर्यंत गाडी, पुढं यष्टी. गुडघा दाखवू. महिनाभर राहून पाहू जठारपेठेत."

केशरबाईचा हात लुगड्यावरच थांबला. तिने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एवढं गोड काहून बोलून राहिले? काय शिजून राहिलं डोक्यात?"

"काही नाही."

"वापस आलो की परत दूध सुरू करसान."

"नाही करत."

"पाडसान तं नाही?"

"नाही पाडत. फक्त एखादं कुत्रं—"

"कुत्र्याचं नाव घेऊ नका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्निल पेटी घेऊन यष्टीने पुढे गेला. केशरबाईने आधी सीट पुसली, मग हाताने दाबून बघितली, मग देवमनच्या खांद्याला धरून एका बाजूला बसली. गाडी हळूच निघाली. विहारापर्यंत, प्रीतमच्या घरापर्यंत, गल्ली संपून डांबरी लागेपर्यंत तिने एक पाय टेकायच्या तयारीत जमिनीच्या लगतच धरून ठेवला होता.